जुनं पिनबॉल घ्यायचं तर बंद पडलेलं घ्या

‘फुल वर्किंग कंडिशन, अर्जंट सेल’ असं लिहिलेली जाहिरात दिसली की मी तिला अंगठ्याने वर ढकलतो. ‘कैक वर्षं बंद आहे, कुणी उघडलेलं नाही, जागा अडते म्हणून काढतोय’ असं कुणी लिहिलं असेल तर मात्र समोरचं गिऱ्हाईक क्षणभर थांबवून आधी मेसेज टाकतो. लोकांना हे उफराटं वाटतं. घरच्यांना तर वाटतंच. पण वेंगुर्ल्यात बसून जुनी पिनबॉल मशीनं ऑनलाइन घ्यायची, दुरुस्त करायची आणि ऑनलाइनच विकायची, हा उद्योग करताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. मशीन बंद आहे यात वाईट काही नाही. बंद पडल्यावर त्यात कुणी कुणी हात घातला, ते बघायचं.

माझं दुकान फ्रिज, पाण्याचे पंप आणि होड्यांवरचे फिशफाइंडर, वायरलेस सेट यांच्या दुरुस्तीचं. खारं पाणी लागलेला बोर्ड साफ करणं हे आमचं रोजचं काम. पिनबॉलवर पोट भरत नाही, भरणारही नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, दुकानात माश्या मारायची वेळ. तेव्हा हे काम हाताला बरं असतं.

पिनबॉल म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांना सायबर कॅफे आठवतो. विंडोज एक्सपीमध्ये ‘स्पेस कॅडेट’ नावाचा गेम फुकटात असायचा. इंटरनेटचे तासाचे पैसे भरून लोक तोच खेळत बसायचे. त्याच्याही आधी जत्रेत खिळे ठोकलेला बोर्ड मिळायचा. स्प्रिंगचा दांडा ओढायचा, गोटी सोडायची आणि ती कुठल्या खणात जाते ते बघत बसायचं. तो बोर्ड पिनबॉलच्याच घराण्यातला. स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्ह याने अमेरिकेत १८७१ साली घेतलं. बटण दाबल्यावर फटका मारणारे फ्लिपर आले ते १९४७ मध्ये, गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ मशीनवर. खरं मशीन समोर आलं की त्याचा आकार आधी अंगावर येतो. वजन सव्वाशे किलोच्या आसपास, चार लोखंडी पाय, काचेखाली उतरता प्लायवूडचा फळा, फळ्याच्या पोटाला शेकडो वायरी आणि मागे उभं डोकं, ज्याच्यात सगळे बोर्ड.

आपल्याकडे ही मशीनं मुळातच कमी. परदेशातून जुना माल आणायचा तर परवाना लागतो, वर ड्यूटी, वर जहाजाचं भाडं. नवं घ्यावं म्हटलं तर अमेरिकेतच साध्यातल्या साध्या मशीनला सात हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. त्यामुळे जी आहेत ती देशातल्या देशात फिरतात. बंद पडलेली हॉटेलं, जुने क्लब, गाशा गुंडाळलेले व्हिडिओ गेम पार्लर, गोव्यातले बार. अलंगला बोट तोडायला आली की तिच्यातल्या खुर्च्या-गाद्यांबरोबर कधीतरी एखादं मशीन उतरतं आणि हायवेवरच्या दुकानांत येऊन बसतं.

आता हे शोधायचं कसं? ‘पिनबॉल’ असा सर्च दिला तर लहान मुलांची प्लॅस्टिकची खेळणी येतात, नाहीतर टीव्ही आडवा टाकून बनवलेली व्हर्च्युअल कॅबिनेट. ज्याच्या घरात खरं मशीन पडलेलं असतं त्याला बहुतेक वेळा त्याचं नावच माहीत नसतं. तो लिहितो ‘ओल्ड गेम टेबल’, ‘कॉइन मशीन’, ‘कॅसिनो आयटम’, ‘लाइटवाला गेम’. टाकतो फर्निचरमध्ये, अँटिकमध्ये, एकाने तर जिमच्या सामानात टाकलं होतं. म्हणून मी शब्दांपेक्षा फोटोंवर नजर ठेवतो. डोक्यात काच आणि चार बारीक पाय, एवढं दिसलं की बाकी मजकूर वाचायची गरज उरत नाही.

माझं ‘झेनॉन’ नावाचं मशीन असंच सापडलं. उत्तर गोव्यात एक बार बंद झालेला, त्याचं सामान विकायला काढलेलं. जाहिरात अँटिक फर्निचरमध्ये. एकच फोटो, तोही अंधारात, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून काढलेला. मशीनवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचलेल्या. पण खुर्चीच्या पायांमधून फळ्यावरून आडवी गेलेली पारदर्शक नळी दिसत होती. ती नळी बघितली आणि ओळखलं. बॅली कंपनीने १९८० मध्ये काढलेलं हे मशीन, त्यातला बॉल त्या नळीतून या टोकाचा त्या टोकाला जातो. ते बोलतं, आणि बाईच्या आवाजात बोलतं. तो आवाज आणि संगीत सुझान चियानी या संगीतकार बाईंचं. अशी अकरा हजार मशीनं निघाली, त्यातलं एक पणजीच्या अलीकडे खुर्च्यांखाली.

फोनवर तिथला राखणदार होता. मशीन चालतं का, म्हणून मी विचारलंच नाही. कधीपासून बंद आहे विचारलं. म्हणाला, धनी वारल्यापासून प्लग काढून ठेवलाय. आतून फोटो काढता येईल का म्हटलं, तर म्हणाला, “चावी ना. चावी सांडल्या.”

चावी हरवली, याहून गोड वाक्य या धंद्यात नाही. पिनबॉल उघडायचं म्हणजे पुढचं नाण्यांचं दार चावीने उघडायचं, आतला खटका ओढून वरची लोखंडी पट्टी काढायची, काच सरकवायची, मग कुठे फळा वर उचलता येतो. डोक्याला वेगळं कुलूप. चावी नाही याचा अर्थ गावातल्या कुठल्याही वायरमनने त्यात स्क्रू ड्रायव्हर घातलेला नाही. जे काही बिघडलं असेल ते आपोआप बिघडलंय, आणि आपोआप जे बिघडतं त्याला काहीतरी क्रम असतो.

अर्थात आत काय झालं असणार याचा अंदाज होता, आणि भाव करताना तो धरूनच बोललो. बॅलीच्या त्या काळातल्या मुख्य बोर्डावर डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असते, स्कोअर लक्षात ठेवायला. मशीन वर्षानुवर्षं पडून राहिलं की ती गळते आणि बोर्ड खाऊन टाकते. म्हणून बोर्ड मेलेला, फळ्यावरच्या रबराच्या कड्या मेलेल्या, पण फळा आणि नळी शाबूत, असा हिशेब मांडला. नळीचा तेवढा जवळून फोटो मागितला. ती तडकलेली असती तर मी गेलो नसतो. बोर्ड दुरुस्त होतो किंवा नवा बनवलेला मिळतो, पण त्या नळीसाठी परदेशात हात पसरावे लागतात.

आणायला गेलो तेव्हा डोकं बोल्ट काढून वेगळं केलं. त्या काळच्या बॅलीचं डोकं पुढच्या मशीनांसारखं घडी होऊन आडवं पडत नाही, ते सोडवूनच न्यावं लागतं. कुलूप तोडणं तिथे नको वाटलं, पण डोक्यातून आलेले कनेक्टर काढायचे तर ते उघडायलाच हवं, म्हणून वरचं कुलूप ड्रिलने फोडलं. खालचं तसंच ठेवलं. पाय काढून धड टेम्पोत चढवलं तेव्हा टेम्पोवाला वाकून बघत म्हणाला, “दादानू, ह्येच्यात माणूस बिणूस नाय मां?”

किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्यात आलो, पुढे नाक्यावर गाडी थांबवली. गोव्याहून येणाऱ्या बंद पेटीत काय असतं याबद्दल तिथल्या लोकांची स्वतःची ठाम समजूत असते. उघडा म्हणाले. चावी नाही म्हटल्यावर संशय वाढला. एकाने पेटी हलवून बघितली, तर आत टिल्टचा लंबक खणखण वाजला. खेळताना मशीन जास्त हलवलं की तो लंबक कडीला टेकतो आणि डाव बाद होतो. पण हे त्या वेळी कुणाला समजावणार? बॅटरीचा झोत नाण्यांच्या फटीतून आत सोडून झाला, फोनवर गुगल करून चित्रं दाखवून झाली. शेवटी त्यांच्यातल्याच एका तरुण पोराने ‘अरे हा तर एक्सपीवाला गेम’ म्हटलं आणि सुटलो. घरी कुलूप फोडलं तर गल्ल्यात जर्मन मार्कची नाणी. पाठीमागे बर्लिनच्या बॅली वुल्फ कंपनीचं लेबल. म्हणजे मशीन जर्मनीसाठी बनलेलं, ट्रान्सफॉर्मर मुळातच आपल्याकडच्या दाबाच्या जवळपास जोडलेला. हे मोठंच काम वाचलं. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं असतं; ट्रान्सफॉर्मरच्या जोडण्या बदलल्याशिवाय आपल्या भिंतीत लावलं तर पुढचं सांगायला नको.

आईची प्रतिक्रिया: “फ्रिज हाडूक गेललंस मां? मगे ह्या काय हाडलंस?”

बोर्डाचं जसं वाटलं होतं तसंच झालेलं. बॅटरीच्या भोवती हिरवं-करडं पीठ, शेजारच्या रीसेट सर्किटचे ट्रान्झिस्टर कुरतडलेले. ही गळती अल्कलीची, म्हणून आधी पांढरं व्हिनेगर पाणी घालून ब्रशने लावायचं, मग स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. नुसतं पुसून वरून सोल्डर मारलं तर तो रोग आतल्या आत चालूच राहतो. होडीवरच्या वायरलेसला हेच होतं, फक्त तिथे गुन्हेगार समुद्र असतो. खाल्लेला भाग तांबं दिसेपर्यंत घासला, ट्रान्झिस्टर आणि सॉकेट बदलले, बॅटरी कायमची काढली.

या बोर्डाची एक गोष्ट मला फार आवडते. त्यावर एक छोटा एलईडी असतो. मशीन चालू केलं की तो आधी लुकलुकतो, आणि मग बोर्ड स्वतःचीच तपासणी करत एकेक वेळा डोळा मिचकावतो. पहिला मिचकावा म्हणजे प्रोग्रामच्या चिपा ठीक, मग दोन रॅम, मग दोन मोठ्या चिपा, मग डिस्प्लेचा टायमर, आणि सातवा म्हणजे फ्लिपर वगैरे हलवणाऱ्या कॉइलना लागणारे ४३ व्होल्ट पोचले. सात झाले की खेळ सुरू. जिथे थांबला तिथे बिघाड. १९७०च्या दशकात कुणीतरी विचार केला की हे मशीन एका अडाणी गावातल्या बारमध्ये जाईल आणि तिथल्या मेकॅनिककडे मीटरशिवाय काही नसेल. आजच्या वॉशिंग मशीनचा बोर्ड मला एवढंही सांगत नाही. माझ्या झेनॉनने सहा दिले आणि गप्प झालं. फ्यूज गेलेला. तेवढा बदलला आणि बाई बोलल्या.

फ्लिपरचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण जाहिरात वाचताना याचा थेट उपयोग आहे. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेढे असतात. एक जाड तारेचा, कमी वेढ्यांचा. तो फटका मारतो. दुसरा बारीक तारेचा, भरपूर वेढ्यांचा. तो फ्लिपर नुसता वर धरून ठेवतो. फ्लिपर टोकाला पोचला की एक कॉन्टॅक्ट उघडतो आणि काम पहिल्याकडून दुसऱ्याकडे जातं. तो कॉन्टॅक्ट काजळला की करंट आधीपासूनच बारीक तारेतून जातो आणि फटक्यात जोर राहत नाही. विकणारा काळजीच्या सुरात सांगतो, ‘फ्लिपर वीक आहेत, खर्च येईल.’ मी मान हलवतो आणि भाव पाडून घेतो. बारीक कानसीचे दोन हात पुरतात बऱ्याचदा. उलट कॉन्टॅक्ट वाकून मिटलेलाच राहिला तर जाड वेढ्यातून करंट वाहतच राहतो आणि कॉइल जळते. जळक्या वासाला घाबरायचं ते या कारणाने.

जळलेली कॉइलसुद्धा आपल्याकडे होते. बॅलीच्या अशा एका कॉइलवर छापलेलं असतं एक्यू-२५-५००/३४-४५००. मी ती कुडाळच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने जन्मात पिनबॉल बघितलं नव्हतं. चष्मा वर करून नंबर वाचला आणि म्हणाला, “ह्येच्यार सगळा लिवलला आसा मां.” २५ गेजचे ५०० वेढे, त्यावर ३४ गेजचे ४५००. फक्त गेज अमेरिकन. तिथलं २५ म्हणजे ०.४५५ मिलिमीटर, आपल्याकडचं २६ गेज ०.४५७ भरतं, ते बिनदिक्कत चालतं. हे त्याला मी सांगायच्या आधी त्याने मायक्रोमीटर लावला होता.

आता ‘चालू’ मशीनची गोष्ट. रायगडात समुद्राकाठच्या एका बंगल्यातलं मशीन, जाहिरातीत झकास व्हिडिओ, दिवे लुकलुकतायत, बॉल उडतोय. किंमत माझ्या झेनॉनच्या दुपटीहून जास्त. लांब होतं, तरी त्या बाजूला काम निघालं म्हणून बघायला गेलो. फळा वर केला आणि तसाच खाली ठेवावासा वाटला. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे पीळ. कनेक्टर छाटून वायरी हाताने पिळलेल्या आणि वरून काळी टेप. बॅटरी जागच्या जागी, गळत बसलेली. आणि सगळ्यावर कडी म्हणजे फळ्याला सुताराकडून फर्निचरचं पॉलिश मारून घेतलेलं. छापलेल्या रंगात ते पॉलिश उतरून सगळं चित्र पिवळं पडलेलं, आणि ते काढायला गेलं की चित्रही निघणार. “पण चालू आहे ना?” मालक म्हणाले. चालू होतं, खोटं कसं म्हणू? फ्यूज नसलेल्या मशीनला बंद पडायची सोयच नसते. ते एकदम पेटतं. मी चहा घेतला, त्यांना तेवढं प्लग काढून ठेवा म्हणून सांगितलं आणि निघालो.

तेव्हा व्हिडिओवर भाळू नका. मागायचेच असतील तर फोटो मागा: डोकं उघडून मुख्य बोर्डाचा, बॅटरीच्या कोपऱ्याचा, फ्यूजच्या पट्टीचा, फळ्याच्या खालच्या अंगाचा, आणि वरून फळ्याचा बंपरच्या, म्हणजे बॉल उडवून लावणाऱ्या गोल टोप्यांच्या, आजूबाजूचा भाग, जिथे बॉल घासून रंग आधी जातो. हे पाचही आले आणि खाली कारखान्याची वायरिंग रंगांसकट सरळ दिसली तर मशीन मेलेलं असलं तरी घ्या. विकणारा आतला फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, आणि चावी मात्र हातात असेल, तर राम राम.

किनाऱ्यावरच्या मशीनना आणखी काही भोगावं लागतं. पाय गंजतात ते दिसतं, पण बॉल गंजतो ते दिसत नाही. तांबारलेला बॉल फळ्यावर पॉलिश पेपरचं काम करतो, एका सुट्टीत पोरांनी खेळून फळा खरवडून ठेवलेला मी पाहिलाय. बॉलसाठी परदेशी जायची गरज नाही. माप एक पूर्णांक एक सोळांश इंच, म्हणजे २७ मिलिमीटरला अगदी किंचित कमी, वजन ८० ग्रॅम. कोल्हापूरला बेअरिंगच्या दुकानात त्या मापाची गोळी मिळते. फक्त ज्या मशीनच्या फळ्याखाली लोहचुंबक आहे त्यात ती घालू नका. बेअरिंगचं पोलाद चुंबकत्व धरून ठेवतं आणि बॉल एकमेकांना चिकटून बसतात.

वाळवीचं वेगळं सांगायला नको. पेटीचा तळ बोटाने ठोकून बघायचा. रबराच्या कड्या मात्र बाहेरूनच आणाव्या लागतात. आमच्याकडे घराआड एक माणूस बोटीवर असतो, माझा भाचा तर आहेच. सुट्टीवर येताना परफ्यूमऐवजी रबरं आण म्हटल्यावर त्याला अजून वाईट वाटतं. आणि अर्थिंग. जांभ्याच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये ओल राहत नाही, अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. लोखंडी पट्टीवर हात ठेवून खेळायचं मशीन आहे हे, तेव्हा खड्ड्यात पाणी घाला. मेअखेरीस वीज कडकडायला लागली की प्लग भिंतीतून ओढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

विकताना मी उलट्या बाजूला उभा असतो, आणि गंमत तिथेच असते. जाहिरात टाकल्यापासून पाच मिनिटांत ‘लास्ट किती?’ येतं, मशीन काय आहे हे न वाचता. मग ‘बुलेटशी एक्सचेंज करणार?’ एकाने बोकड देऊ केले होते, मी थोडा वेळ विचारही केला. मग येतो तो फोटोत वर्दी घातलेला गृहस्थ. बदली झालीय, मशीन न बघताच पसंत आहे, सगळे पैसे आत्ता पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याकडूनच जातात, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत असायला हवं. तरी आमच्याच बाजारातला एक जण जुनं कपाट विकताना यात सापडला. असं झालं तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करा, बँक उघडायची वाट बघू नका. पिनबॉल न बघता पसंत करणारा खरा खरेदीदार जगात नाही. खरा असतो तो बॅटरीच्या कोपऱ्याचा फोटो मागतो.

होमस्टे आणि रिसॉर्टवाले विचारतात, ते निराळंच. त्यांना मशीन हवं असतं, भीती एकच: हा जुगार नव्हे ना? यावर हसू नका, अमेरिकेतही हाच प्रश्न पडला होता. न्यूयॉर्कच्या महापौर ला ग्वार्डियांनी १९४२ मध्ये शहरात पिनबॉलवर बंदी आणली आणि पोलिसांनी घण घालून मशीनं फोडली. ती बंदी उठली थेट १९७६ साली, रॉजर शार्प नावाच्या माणसाने नगर परिषदेच्या लोकांसमोर खेळून, बॉल कुठून जाणार ते आधी सांगून, तसा घालून दाखवल्यावर. तारकर्लीच्या एका रिसॉर्टवाल्याला मी ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ते न्यूयॉर्कचं झालं, आमच्याकडे विचारायला कोण येणार ते सांगा. त्याचंही बरोबर. पाहुण्यांना फुकट खेळू द्या म्हटलं. नाणं घेऊन चालवायचं असेल तर आधी परवान्याची चौकशी करा.

जाहिरातीत मी दोष आधी टाकतो. पहिला फोटो फळ्याच्या झिजलेल्या भागाचा, दुसरा दुरुस्त केलेल्या बोर्डाचा, सगळ्यात शेवटी दिवे लागलेला. व्हॉट्सॲपवरचा एक दोस्त म्हणतो, असं कुणी विकतं का? पण त्यामुळे ‘लास्ट किती’वाले निम्मे आपोआप गळतात, आणि जो येतो तो बघितलेलंच बघायला येतो; दारात उभा राहून भाव पाडत नाही.

सध्या दुकानात विल्यम्सचं गॉर्गर आहे, १९७९ चं. बोलणारं पहिलं पिनबॉल हेच. सारे सात शब्द येतात त्याला, पण राक्षसाच्या आवाजात. बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात, ते गळले होते, तो भाग नवा केलाय, सेल आता वायर लावून बाहेर खाली बसवलेत. डाव्या बंपरभोवती रंग गेलेला आहे. काचेवरच्या चित्राचे पापुद्रे एका कोपऱ्यात सुटलेत, मी हात लावलेला नाही, तुम्हीही घरी नेऊन पुसू नका. फळ्यात चुंबक आहे, म्हणून बेअरिंगवाल्या गोळ्या नकोत. फ्यूज सगळे मूळ मापाचे. दोन्ही चाव्या आहेत, हे दुर्दैवाने सांगावं लागतंय. बघायला या, फळा वर करून दाखवतो. टेम्पो तुमचा, उचलायला चार माणसं आणा, निघताना बॉल बाहेर काढून खिशात घ्यायचा. पावसात पाठवणार नाही, दसऱ्यानंतर बोलू. बुलेट नको. बोकडाचं बघू.